सहा रिकाम्या पुंगळ्यांचा प्रश्न

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कंपनीने ‘प्रबल’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्या वेळच्या बातम्यांचे मथळे बहुतेक एकाच आकड्यावर अडले होते : पन्नास मीटर. देशातले पहिले लांब पल्ल्याचे रिव्हॉल्व्हर, इतरांच्या दुप्पट मारा, असे कौतुक झाले. वास्तविक प्रबलची नळी अवघी ७६ मिलिमीटरची आहे. एवढ्या नळीतून सुटलेली गोळी पन्नास मीटर जाते यात विशेष काही नाही. तिथे नेम लागणार की नाही, हे चालवणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर ठरते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोलाची गोष्ट त्याच बातमीत खाली, एका ओळीत उरकलेली होती. या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाजूला झुलून बाहेर येतो आणि भारतीय बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही सोय पहिल्यांदाच आली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते.

अमेरिकेत कोल्ट कंपनीने बाजूला झुलणाऱ्या सिलिंडरचे रिव्हॉल्व्हर आणले ते १८८९ मध्ये, म्हणजे १३४ वर्षे आधी. आणि तो सिलिंडर झुलतो तो नवी काडतुसे भरण्यापेक्षाही जुन्यांचे अवशेष काढण्यासाठी. रिव्हॉल्व्हरची कथा आपण नेहमी गोळी सुटण्याच्या बाजूने ऐकतो. पण १८६० ते १८९० या तीस वर्षांत या यंत्राचे रूप बदलत गेले ते गोळी सुटल्यानंतर मागे राहणाऱ्या पितळी पुंगळीमुळे.

पुंगळी सिलिंडरच्या घरात, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, का अडकते, हे आधी पाहू. घोडा आदळला की दारू पेटते आणि पुंगळीत वायूचा दाब एकदम वाढतो. .३२ बोअरच्या साध्या काडतुसातही तो वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीच्या आसपास जातो. बाटलीत फुगा घालून फुगवला तर तो काचेला सगळीकडून चिकटतो आणि हवा सोडली की आक्रसतो, तसेच पितळेचे होते. पुंगळी फुगून पोलादी घराच्या भिंतीला घट्ट बसते. या बसण्यामुळेच वायू मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येत नाही. गोळी नळीबाहेर गेली की दाब ओसरतो आणि पुंगळी थोडीशी आक्रसते. मात्र रबर पूर्ण मूळपदावर येते, तसे पितळ येत नाही. ते केसभरच मागे सरते आणि त्या केसभर फटीवर सगळा खेळ असतो.

ही फट मिळते ती धातूच्या निवडीमुळे. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त. थंड स्थितीत ओढून घडवल्यावर ते कणखर आणि लवचीक होते. निव्वळ तांबे मऊ असते. ते फुगते, पण परत फिरण्याची त्याची ताकद कमी असते. अमेरिकी लष्कराने १८७० च्या दशकात बंदुकांसाठी तांब्याच्या पुंगळ्या वापरल्या आणि अडकण्याच्या तक्रारी वाढल्या. अमेरिकी जनरल कस्टरचा १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मूलनिवासींकडून पाडाव झाला तो याच अडकलेल्या पुंगळ्यांमुळे, असे सांगण्याची एक परंपराच पडून गेली. १९८४ आणि १९८५ मध्ये त्या रणभूमीवर पद्धतशीर उत्खनन झाले. सुरीने उचकटल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या मिळाल्या, पण थोड्याच. एका धातूच्या माथ्यावर आख्ख्या पराभवाचे खापर फोडता येत नाही.

रिव्हॉल्व्हरला बहुधा सहा घरे, त्यामुळे पुंगळी अडकण्याचा हा प्रश्न सहापट होतो. सॅम्युअल कोल्टच्या १८३६ च्या रिव्हॉल्व्हरला तो नव्हताच. त्यात दारू आणि गोळी समोरून ठासायची असे, पुंगळी हा प्रकारच नव्हता. मग कोल्टच्याच कारखान्यात काम केलेल्या रोलिन व्हाइटने एप्रिल १८५५ मध्ये आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे पेटंट घेतले. मागून काडतूस सरकवायचे, एवढीच कल्पना. स्मिथ अँड वेसन कंपनीने एका रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट देऊन ती आपल्याकडे घेतली आणि १८५७ मध्ये आपले पहिले मॉडेल काढले. भरणे सोपे झाले. रिकामे करणे मात्र हैराण करणारे होते. नळी वर उचलायची, सिलिंडर काढून हातात घ्यायचा आणि नळीखाली कायमच्या बसवलेल्या बोटभर कांडीवर एकेक घर दाबायचे. सात घरे, सात वेळा. थंडीने बोटे आखडलेली असतील, काळ्या दारूची काजळी घरात साचलेली असेल, तर काय होत असेल, याची कल्पना करावी.

व्हाइटच्या पेटंटची मुदत १८६९ च्या एप्रिलमध्ये संपणार होती. व्हाइटने मुदतवाढीसाठी अमेरिकी काँग्रेसकडून विधेयक मंजूर करून घेतले, पण जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. स्मिथ अँड वेसनने मात्र पुढची तयारी आधीच केली होती. आरपार छिद्रांची मक्तेदारी जाणार, तर ती छिद्रे झटकन रिकामी करण्याची युक्ती आपल्या हाती हवी, हे या कंपनीने ओळखले. व्यवहारातली ही दूरदृष्टी दाद देण्याजोगी आहे.

ती युक्ती दोघांची. विल्यम डॉज हा पेटंट कार्यालयात परीक्षक राहिलेला माणूस. त्याने जानेवारी १८६५ मध्ये पेटंट घेतले ते असे : नळी पुढच्या बाजूला खाली मोडायची आणि त्याच हालचालीने सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलायच्या. कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. कारखान्याचा अधीक्षक चार्ल्स किंग याने ती कल्पना लोखंडात उतरवली आणि २४ ऑगस्ट १८६९ रोजी स्वतःचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी ‘मॉडेल थ्री’ बाजारात आले.

किंगची रचना जवळून पाहावी अशी आहे. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर मधोमध एक पोलादी चांदणी बसते. बंद असताना ती सिलिंडरच्या पृष्ठभागाशी इतकी सपाट मिळते की वेगळी दिसतही नाही. चांदणीच्या खाचा सहा घरांच्या कडांना लागून असतात आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडाची रुंद कड त्या खाचेवर टेकते. चांदणीचा दांडा सिलिंडरच्या मध्यातून पुढे जातो. त्याला दाते आहेत, आणि नळी जिथे मोडते त्या बिजागरीत एक छोटे दातेरी चाक आहे. नळी खाली झुकू लागली की चाक दांड्याला मागे रेटते, चांदणी वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम घराबाहेर निघतात. नळी पुरती झुकली की अडसर सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने चांदणी खटकन जागेवर जाऊन बसते. पुंगळ्या जमिनीवर, घरे रिकामी. सहा चिकटलेल्या पुंगळ्या उपटायला लागणारा जोर बोटांना लावावा लागत नाही. लांब नळीच तरफेचे काम करते. शाळेत शिकवलेल्या तरफेचा इतका चोख उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

रशियाने या रचनेचे मोल लवकर हेरले. १८७१ मध्ये रशियन सरकारने वीस हजार नगांची मागणी नोंदवली आणि पुढच्या काही वर्षांत ती लाखाच्या वर गेली. बर्लिनच्या लुडविग लोवे कारखान्यात आणि रशियातल्या तुला शहरातही तीच रचना बनू लागली.

अमेरिकी लष्कराने मात्र १८७३ मध्ये कोल्टचे रिव्हॉल्व्हर निवडले. त्यात बाजूला एक छोटी झडप, नळीखाली स्प्रिंगची दांडी, आणि एकेक पुंगळी समोरून ढकलायची. अखंड सांगाडा मजबूत, भाग कमी, बिघाड कमी, हे त्याचे गुण खरेच होते. घोडदळातला मेजर जॉर्ज स्कोफिल्ड याला हे पटले नाही. मॉडेल थ्रीमध्ये नळी बंद ठेवणारा खटका नळीवरच होता. त्याने तो सांगाड्यावर आणला. आता स्वार एका अंगठ्याने खटका ओढून, नळी मांडीवर टेकवून हत्यार मोडू शकत होता. लगाम सोडायची गरज उरली नाही. लष्कराने त्याची आठेक हजार रिव्हॉल्व्हरे घेतली.

इथे अडचण आली ती पुंगळीच्या कडेची. कोल्टची दांडी पुंगळीला आतून ढकलते, त्यामुळे त्या काडतुसाची कड अगदी अरुंद चालत असे. चांदणीला मात्र धरायला रुंद कड हवी. म्हणून स्कोफिल्डसाठी वेगळे, आखूड आणि रुंद कडेचे काडतूस बनले. ते कोल्टमध्ये चाले. कोल्टचे लांब काडतूस मात्र स्कोफिल्डच्या सिलिंडरात मावत नसे. एखाद्या ठाण्यावर चुकीची पेटी पोचली, तर तिथली स्कोफिल्ड रिव्हॉल्व्हरे निरुपयोगी. चांगल्या यंत्राला मारक ठरलेली ही कड मिलिमीटरच्या अंशात मोजायची गोष्ट आहे.

चांदणीत एक मूळचाच दोष होता. सहापैकी दोनच गोळ्या झाडल्या असतील, तरी ती न झाडलेली चारही काडतुसे बाहेर टाकते. यावर मर्विन हल्बर्ट कंपनीने अमेरिकेत, आणि फिलाडेल्फियाच्या ओवेन जोन्सच्या कल्पनेवरून ब्रिटिश लष्कराने १८८० च्या एनफिल्ड रिव्हॉल्व्हरमध्ये, सुंदर उत्तर शोधले. चांदणी जागेवर ठेवायची आणि सिलिंडरच पुढे ओढायचा. गोळी निघून गेलेली पुंगळी आखूड, त्यामुळे ती सुटून पडते. भरलेले काडतूस गोळीमुळे लांब, ते घरातच राहते. कागदावर हे अप्रतिम आहे. एनफिल्डमध्ये मात्र खालच्या बाजूच्या पुंगळ्या पडायला जागाच नसे आणि त्या तिथेच अडकत. १८८७ मध्ये ब्रिटिशांनी बर्मिंगहॅमच्या वेब्लीचे मोडणारे रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि चांदणी परत आली.

आपला संबंध या वेब्लीशी. ब्रिटिश अधिकारी आणि पोलिसांबरोबर ते भारतभर पसरले आणि स्वातंत्र्यानंतर कानपूरच्या कारखान्यात बनलेल्या .३२ रिव्हॉल्व्हरची घडणही त्याच्यावरून घेतली गेली. २०१४ मध्ये आलेले हलके ‘निर्भीक’देखील मोडणारेच होते. मोडणाऱ्या रचनेत सगळा धक्का बिजागरी आणि खटका सोसतात. .३२ सारख्या सौम्य काडतुसाला ते चालून जाते, जोरदार काडतुसांपुढे सांधा सैल पडत जातो. विल्यम मेसनने कोल्टसाठी १८८१ मध्ये पेटंट घेतले ते नेमके हे दुखणे दूर करण्यासाठी. सांगाडा अखंड ठेवायचा, फक्त सिलिंडर एका आडव्या हातावर बाजूला काढायचा आणि किंगची चांदणी अंगठ्याने किंवा तळव्याने दाबायची. कोल्टची मजबुती आणि स्मिथ अँड वेसनची चपळाई एकत्र आली. स्मिथ अँड वेसनने स्वतःचे असे पहिले रिव्हॉल्व्हर १८९६ मध्ये काढले आणि त्याच्यासाठी नवे काडतूस बनवले : .३२ लाँग. भारतात परवानाधारकांच्या .३२ रिव्हॉल्व्हरांत आजही चालते ते हेच काडतूस. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे त्याच्या बुडावर उमटलेली दिसतात.

नंतरच्या काळात चांदणीची खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. अमेरिकेला पिस्तुले कमी पडली, म्हणून पिस्तुलाचेच .४५ काडतूस घेणारी रिव्हॉल्व्हरे १९१७ मध्ये बनवावी लागली. पण पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेर आलेली कडच नसते, चांदणीने धरायचे काय? उत्तर म्हणून पत्र्याची अर्धचंद्राकार चकती आली. तीन काडतुसे तिच्यात अडकवायची, आणि चांदणी चकतीलाच उचलते. तीच चकती पुढे पूर्ण गोल झाली. अशीच चकती वापरून १९९९ मध्ये अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक याने सहा गोळ्या झाडून, पुंगळ्या टाकून, पुन्हा भरून आणखी सहा झाडल्या, त्या सगळ्याला मिळून २.९९ सेकंद लागले.

मॉडेल थ्रीच्या नळीच्या वरच्या पट्टीवर कंपनीचे नाव, गावाचे नाव आणि पेटंटांच्या तारखा कोरलेल्या आहेत. त्यात १८६५ चा जानेवारी आहे, १८६९ चा ऑगस्ट आहे. डॉज नाही, किंग नाही. रिव्हॉल्व्हरवरच्या पुस्तकांत कोल्टला प्रकरणे मिळतात, व्हाइटच्या पेटंटाच्या लढाईला पाने मिळतात, किंगला बहुधा एक ओळ. हा क्रम बदलायला हवा. कोल्टचा ठासणीचा सिलिंडर आज फक्त हौशी मंडळी वापरतात, व्हाइटचे पेटंट चौदा वर्षांत संपले. किंगची चांदणी मात्र आज बनणाऱ्या बहुतेक सर्व रिव्हॉल्व्हरांत, कानपूरपासून स्मिथ अँड वेसनच्या स्प्रिंगफिल्डपर्यंत, जवळपास त्याच आकारात बसवली जाते. रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात कोल्टनंतरचे नाव चार्ल्स किंगचे असले पाहिजे.