निरोप्याला पकडणारा विषाणू



सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर मुलांना ताप आला, की वादी अदाईतल्या आम्हां पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "डेंग्यू तर नसेल?" पण डेंग्यू फक्त भारतातून येतो असे नाही. २०१८ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२२ मध्ये मस्कत परिसरातल्याच डासांमुळे लोकांना डेंग्यू झाला. शरीरात पहारा असताना हा विषाणू निसटतो कसा, ते आज पाहू.

डास चावला की विषाणू पेशीत शिरतो. ती पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे प्रथिन बाहेर सोडते. ही शेजारच्या पेशींना मारलेली हाक! १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हे प्रथिन शोधले. हाक शेजारणीच्या दारापर्यंत पोचते. तेथून आत केंद्रकापर्यंत निरोप नेणाऱ्यांपैकी एक प्रथिन म्हणजे 'स्टॅट-२'. निरोप मिळाला की पेशी विषाणूशी लढण्याची हत्यारे तयार करते.

डेंग्यूच्या विषाणूकडे 'एन.एस.५' नावाचे प्रथिन असते. ते दोन कामे करते. पहिले वेषांतराचे. विषाणूच्या आर.एन.ए.ला आपल्या पेशींच्या आर.एन.ए.सारखी टोपी चढवायला ते मदत करते, म्हणजे पहारेकऱ्यांना तो घरचाच वाटतो. दुसरे काम निरोप्याला पकडण्याचे! ते स्टॅट-२ ला धरून, टाकाऊ प्रथिने मोडणाऱ्या पेशीच्याच यंत्रणेकडे पाठवते. हाक दारात येते, पण आत कळतच नाही. गंमत म्हणजे उंदराचा स्टॅट-२ त्याच्या हाती लागत नाही. साध्या उंदरांना डेंग्यू सहसा बाधत नाही, त्याचे हे एक कारण.

आम्ही संगणकावर काम करणारे हा डाव ओळखतो: आधी धोक्याची घंटा बंद पाडा, मग घरात फिरा. शरीराची दुसरी फौज तयार व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू वाढून घेतो.

म्हणून त्याला दाराबाहेरच अडवायला हवे. एडिस डास साठलेल्या पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. मुलांनो, दर शुक्रवारी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि एसीच्या पाण्याची बादली रिकामी करून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात!

पालकहो, डेंग्यूची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. ताप उतरताना पोटात खूप दुखले, वारंवार उलट्या झाल्या किंवा रक्त आले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे समजू नका.