वेगळा कोण ठरवतो?

बालमित्रांनो, नागपूरची दीक्षाभूमी तुम्ही पाहिली असेल. निदान तिचे नाव तरी ऐकले असेलच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अस्पृश्यतेचे चटके त्यांना शाळेतच बसले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला फेकले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

त्या मुलांना विटाळ कोणी शिकवला? अर्थात मोठ्या माणसांनी. पण शिकवणारे कोणी नसले, जुने वैरही नसले, तरी मुले 'आपले' आणि 'परके' असा भेद करतील का?

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर असे प्रयोग केले. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. मुलांना क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि आवडीनुसार दोन गट पाडल्याचे सांगितले. खरे तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती! मग प्रत्येकाने इतरांना पैसे वाटायचे होते. स्वतःला काहीच घ्यायचे नव्हते आणि घेणाऱ्याचे नावही ठाऊक नव्हते. कळत होता तो फक्त त्याचा गट. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. खरे नवल तर पुढेच आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाला त्याहूनही कमी मिळावे, याकडे त्यांचा कल दिसला. मत्सर म्हणतात तो हाच!

म्हणजे कुणाला परके ठरवायला मोठे कारण लागतच नाही. वेगळी बोली, जाड भिंगाचा चष्मा, अडखळत बोलणे, नाहीतर नेहमीचा पहिला नंबर, काहीही पुरते.

मग यावर उपाय काय? कॅनडातील टोरंटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावरील छळाचे प्रसंग कॅमेऱ्याने टिपले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती, पण मध्ये पडणारी थोडीच. मात्र कोणी मध्ये पडले, की निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला!

तेव्हा मित्रांनो, उद्या मधल्या सुट्टीत जरा आजूबाजूला पाहा. कोणी एकटाच डबा उघडून बसला असेल, तर आपला डबा घेऊन त्याच्या शेजारी बसा. आणि कोणी त्याला चिडवू लागला, तर "पुरे!" एवढे तुम्ही नक्कीच म्हणू शकाल.