विश्लेषण : फवारणीच्या विषबाधेतून सावरलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी अचानक का खालावतो?

2017 च्या जुलै ते ऑक्टोबरदरम्यान यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि 20 हून अधिक जणांचा जीव गेला. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. चर्चा झाली ती कंपन्या, कृषी केंद्रे आणि चायनीज पंपांची. ती व्हायलाच हवी होती. पण अतिदक्षता विभागातल्या खाटेवर नेमके काय घडते, हे फारसे कुणी सांगितले नाही.

त्या हंगामात वेगवेगळ्या गटांतली कीटकनाशके एकत्र मिसळून फवारली जात होती. त्यातला मोनोक्रोटोफॉस हा ऑर्गनोफॉस्फेट गटातला. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचवणारे एक रसायन असते, अॅसिटाइलकोलिन. निरोप पोहोचला की एक एन्झाइम ते लगेच पुसून टाकते. ऑर्गनोफॉस्फेट हे एन्झाइमच बंद पाडते. मग लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर. यावर अॅट्रोपिन दिले जाते आणि बऱ्याचदा रुग्ण शुद्धीवर येतो, बोलू लागतो. नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात.

धोका इथेच असतो. सततच्या इशाऱ्यांनी स्नायू शेवटी प्रतिसाद देणे बंद करतात. विषबाधेनंतर साधारण 24 ते 96 तासांत मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये याला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ असे नाव दिले. या अशक्तपणावर अॅट्रोपिन चालत नाही. स्नायू पुन्हा काम करू लागेपर्यंत व्हेंटिलेटरचाच आधार, आणि त्याला एक ते तीन आठवडेही लागू शकतात.

हे आधी कसे ओळखतात?

सर्वांत उपयोगी तपासणीला यंत्र लागत नाही. उताणे झोपलेल्या रुग्णाला सांगायचे, ‘उशीवरून डोके उचला आणि तसेच धरा.’ मान उचलता येत नसेल, तर श्वासाचे स्नायूही लवकरच दगा देऊ शकतात. दुसरी खूण म्हणजे एका श्वासात मोजता येणारे आकडे. काल 25 पर्यंत मोजणारा माणूस आज 10 वर थांबत असेल, तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. तो बराच उशिरा घसरतो. एकदा तपासून भागत नाही, दर काही तासांनी पाहावे लागते. परिचारिका कमी आणि रुग्ण दाटीवाटीने, अशा वॉर्डात नेमके हेच राहून जाते. शेजारी बसलेल्या नातेवाइकाला या दोन खुणा सांगून ठेवायला काहीच खर्च नाही. आवाज बदलणे, गिळताना ठसका, पापण्या जड होणे हेही लगेच कळवावे.

विषबाधा नसलेल्या, न्यूमोनिया किंवा सेप्सिससाठी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांचेही स्नायू झिजतात. मात्र ती वेगळी गोष्ट. तिथे रुग्ण पुरेसा जागा झाला की दोन्ही बाजूंच्या खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या ताकदीला 0 ते 5 गुण देतात. 60 पैकी 48 पेक्षा कमी भरले, तर अतिदक्षता विभागात आलेला अशक्तपणा धरतात. औषध असे नाही. गुंगीचे औषध शक्य तितके कमी आणि फिजिओथेरपी लवकर, हाच मार्ग.

काही ऑर्गनोफॉस्फेटचा त्रास तर घरी गेल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. पोटऱ्या दुखतात, तळपायाला मुंग्या येतात, चालताना पाऊल लोंबते. तेव्हा ‘अशक्तपणा आहे, खाऊ-पिऊ घाला’ म्हणून थांबू नये. जी फवारली त्या औषधाचा डबा किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो घेऊन पुन्हा दवाखाना गाठावा.