टक्क्याच्या चिन्हाची करामत

बालमित्रांनो, महाराष्ट्रात ८२३४ टक्के लोक साक्षर आहेत, असं कुणी सांगितलं तर? हसाल ना! पण आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलीच्या स्तंभालेखात अगदी हेच छापून आलं होतं. भूगोलाचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा आणि आलेखाच्या डाव्या कडेला आकडे चढत गेलेले : २०००%, ४०००%, ६०००%... रडकुंडीला आली बिचारी. "काका, मी तर आकडे जसेच्या तसे लिहिले हो!"

लिहिले होते बरोबरच. जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता १९९१ मध्ये ६४.८७ टक्के, २००१ मध्ये ७६.८८ टक्के आणि २०११ मध्ये ८२.३४ टक्के होती. गडबड झाली ती नंतर. एक्सेलच्या चौकोनांत तिने आधी नुसते आकडे भरले आणि मग वरचं टक्क्याचं बटण दाबलं.

गंमत इथेच आहे बरं का! टक्का म्हणजे शंभरातला वाटा. ८२.३४ टक्के म्हणजेच ०.८२३४. संगणक आपल्या पोटात हा दशांश अपूर्णांक ठेवतो आणि टक्क्याचं चिन्ह लावून दाखवताना त्याला १०० ने गुणतो. हिने आधीच ८२.३४ देऊन ठेवलं होतं. त्याने इमानेइतबारे गुणलं. झाले ८२३४!

मग करायचं काय? आकडा लिहितानाच त्याच्यापुढे % टाइप करा, म्हणजे संगणक काय ते समजतो. आकडे आधीच भरून झाले असतील तर शेजारच्या रकान्यात त्यांना १०० ने भागून घ्या आणि आलेख त्या रकान्यावरून काढा.

आता अक्षाकडे वळू. उभ्या अक्षावरच्या आकड्यांवर माउसची उजवी कळ दाबली, की 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस' दिसतं. त्यात 'नंबर'मध्ये जाऊन 'पर्सेंटेज' निवडा आणि दशांश स्थळं शून्य करा. नाहीतर २०.००%, ४०.००% अशी शून्यांची उगीच गर्दी होते. तिथेच 'लिंक्ड टू सोर्स' अशी एक खूण असते. ती असेपर्यंत अक्ष तक्त्याचीच नक्कल करतो.

तिथे अक्षाची सुरुवात आणि शेवटही ठरवता येतो. हे काम संगणकावर सोडू नका. एखादा स्तंभ पूर्ण १०० टक्क्यांचा असला, तर तो अक्ष खुशाल १२० टक्क्यांपर्यंत नेतो! शंभरातले एकशेवीस साक्षर कुठून आणायचे? कधी आकडे एकमेकांच्या जवळ असले, की तो शून्यापासून सुरुवातच करत नाही. समजा, आपला अक्ष ६० टक्क्यांपासून सुरू केला. मग १९९१ चा स्तंभ उरेल जेमतेम ४.८७ एवढा आणि २०११ चा २२.३४ एवढा. बघणाऱ्याला वाटेल, वीस वर्षांत साक्षरता साडेचार पट झाली! खरी वाढ सव्वापटीहून थोडीशीच जास्त आहे. आकडे सगळे खरे, पण चित्र खोटं. वर्तमानपत्रातले स्तंभालेख पाहताना आधी तळाचा आकडा बघत जा.

आमच्या प्रकल्पवाल्या मुलीने मग किमान ० आणि कमाल १ असं लिहिलं. एक का? अहो, १ म्हणजेच १०० टक्के! आलेख पुन्हा छापला. तो तिने बराच वेळ न्याहाळला आणि २०११ च्या स्तंभावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "काका, हे कोण?"

ती जागा १७.६६ टक्क्यांची होती. सात वर्षं आणि त्याहून मोठी, पण लिहिता-वाचता न येणारी माणसं. तिने पेन्सिल घेतली आणि तेवढा भाग हलकेच रंगवला.