दहावे छायाचित्र दुसरे कसे झाले?

कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घ्यायला सुरुवात झाली. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी एक तरी घ्यायचे, असा शिरस्ता. काचेवरच्या आणि फिल्मवरच्या या प्रतिमा पुढे संगणकात उतरवल्या गेल्या. एकेका प्रतिमेत आडवे ४०९६ आणि उभे ४०९६ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला करड्या रंगाच्या ६५,५३६ छटांपैकी एक. अशा हजारो फाईलींना नावे देणे, त्यांचे रूप बदलणे ही कामे हाताने एकेक करून संपणारी नव्हेत. ती संगणकाला एकगठ्ठा सांगावी लागतात. आणि मग चूकही एकगठ्ठा होते.

नावाला एवढे महत्त्व कशासाठी? पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती साधारण २७ दिवसांत फिरतो. म्हणजे त्याच्यावरचा डाग रोज सुमारे १३ अंश सरकतो. छायाचित्राची तारीख एका दिवसाने चुकली, तर डागाचा रेखांश तेवढाच चुकला. वेळ भारतीय की जागतिक हे लिहायचे राहिले, तरी साडेपाच तासांत तीन अंशांचा घोळ होतो.

मी स्वतः यात फसलो आहे. माझ्याकडे एका महिन्याची तीस छायाचित्रे होती; नावे नुसती १, २, ३ अशी ३० पर्यंत. फाईली क्रमाने लावायला सांगून मी ओळीने तारखा देऊन टाकल्या. आलेख काढला तो काय, पूर्वेच्या कडेवरचा डाग एका दिवसात ११७ अंश पुढे! शब्दकोशात ‘क’ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्याशिवाय ‘ख’ येत नाही. माझ्या प्रोग्रॅमने आकडेही तसेच वाचले होते: १, १०, ११ असे करत १९ पर्यंत, आणि मग २. दहावे छायाचित्र दोन तारखेला जाऊन बसले. मूळ फाईलींचीच नावे बदललेली, त्यामुळे मागे जायला वाट नाही. वहीत रोज डागांचे रेखाटन केले होते म्हणून निभावले. शंभर वर्षांपूर्वीच्या काचेबद्दल मात्र कोणाला विचारणार?

उपाय साधा आहे. १ ऐवजी ००१ लिहावे. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. दिवस आधी लिहिला तर बाराही महिन्यांच्या एक तारखा शेजारी येऊन बसतात. नावे बदलण्यापूर्वी जुने नाव व नवे नाव अशी दोन रकान्यांची यादी करावी आणि नवे नाव दोनदा आलेले नाही ना हे पाहावे. काही आज्ञा त्याच नावाची आधीची फाईल न विचारता पुसून टाकतात.

रूप बदलताना आणखी एक गोष्ट निसटते. खगोलशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या ‘फिट्स’ फाईलीत चित्राबरोबर तारीख, वेळ, दुर्बीण अशी माहितीही लिहिलेली असते. वर्गात दाखवायला जेपीईजी प्रत सोयीची. पण ती करताना हा मजकूर बहुधा मागेच राहतो आणि छटा उरतात २५६. शिवाय जेपीईजी चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून बारकावे गाळते. डागाभोवतीची फिकट उपछाया त्यात पुसट होते, आणि तीच प्रत पुन्हा सुधारून साठवली की आणखी पुसट. अशा प्रतीजवळ ओळख म्हणून उरते ते फक्त नाव.

म्हणून आता मी मूळ फाईलींना हात लावत नाही. सगळे प्रयोग प्रतींवर. काम झाल्यावर दहा-वीस प्रतिमा उघडून नोंदवहीशी ताडून पाहतो. त्यात दहावे छायाचित्र असतेच.