भाचीसाठी पिस्तूल

मराठीने पोर्तुगिजांकडून कोणकोणते शब्द घेतले, हे वर्गात सांगू लागलो की मुले बटाटा आणि पाव इथपर्यंत मोठ्या आनंदाने येतात. त्याच यादीत आणखी चार शब्द आहेत : पगार, चावी, काडतूस आणि पिस्तूल. ह्यांपैकी पहिल्या दोघांशी आम्हां मध्यमवर्गीयांचा रोजचा संबंध. उरलेल्या दोघांशी फक्त रहस्यकथेपुरता. दिवाळीत मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल येते, तेवढीच काय ती आपली शस्त्रविद्या. पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास हे चारही शब्द आमच्या घरात एकदमच शिरले आणि महिनाभर मुक्कामाला राहिले.

त्याला कारण अकोल्याचे माझे मेव्हणे. सरकी-ढेपेचा व्यापार करतात. माणूस दिलदार, आणि भाचीवर जीव. आमची कन्या सतरा वर्षांची. अमरावतीतल्या एका क्लबात ती एअर पिस्तुलाने नेम धरायला शिकते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली आणि कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलीत तिसरा आला, तेव्हापासून घरोघरी हे वेड शिरले. तसे आमच्याही घरी शिरले. मामांचा फोन आला तो असा :

“भाऊजी, यंदा ड्रेस-बिस काही नाही. पोरीले चांगलं पॉइंट टू-टूचं पिस्तूलच घेऊन देतो म्हणतो मी. तुम्ही दुकान तेवढं पाहून ठेवा.”

फोन सौभाग्यवतींच्या हाती गेला. माहेरच्या माणसाशी बोलताना तिची भाषा आपोआप अकोल्याची होते. “घरात पिस्तूल कायले आणतं बापा तू? पोरीचं बारावीचं वर्ष आहे!”

मामा म्हणे, “अवं ताई, खेळाचं आहे ते.” ताई म्हणे, “गोळी खेळातली असो का चोराची, लागायची ती लागतेच.” दोघांचे म्हणणे खरे होते, आणि चौकशी करण्याचे काम, घरात एक शिकलेला माणूस म्हणून, माझ्याकडे आले.

प्रथम हे ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे काय ते पाहू. नळीचा व्यास इंचाच्या बावीस शतांश, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर. ह्याच्या काडतुसाला ‘रिमफायर’ म्हणतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी स्फोटक टोपी बसवलेली असते. ह्या लहान काडतुसात तशी वेगळी टोपी नसते. पितळी नळकांडीच्या बुडाची कड दुमडून पोकळ ठेवलेली असते आणि त्या दुमडीतच स्फोटक भरलेले असते. पिस्तुलाचा घोडा त्या कडेवर आपटला की ठिणगी पडते. आपल्या दिवाळीच्या टिकलीचे तत्त्व तेच : आघात आणि स्फोट. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ साली अशा जातीचे काडतूस केले, ते तर दिवाणखान्यात बसून नेमबाजी करण्याच्या हौसेसाठी. आज सर्वत्र चालणारे ‘लाँग रायफल’ हे काडतूस १८८७ पासूनचे आहे.

कड पातळ, म्हणून आतला दाब बेताचा. दाब बेताचा, म्हणून हाताला बसणारा झटका सौम्य. आणि काडतूसही इतरांहून स्वस्त. म्हणून शिकणाऱ्यापासून ऑलिंपिकपर्यंत सगळ्यांना ते चालते. लंडनला २०१२ साली विजयकुमारने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले ते ह्याच जातीच्या काडतुसावर. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतले, तेही बावीसवरच. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. मात्र झटका सौम्य, म्हणून वस्तू सौम्य असे कोणी समजू नये. ती गोळी माणसाचा जीव घेऊ शकते. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असे पिस्तूल साडीसारखे पसंत करून, बांधून घेऊन घरी आणता येत नाही. ज्याच्या नावाचा परवाना त्यालाच दुकानदार ते विकतो, आणि शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढतो. परवाना मिळायला वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. परवाना देणारे अधिकारी अकोल्याला जिल्हादंडाधिकारी, आमच्या अमरावती शहरात पोलीस आयुक्त.

मामांनी लगेच तोड काढली. “मग माह्या नावावर घेतो ना! वापरन ती.”

हीच गोष्ट चालत नाही. शस्त्र दुसऱ्याला द्यायचे तर घेणाराही ते बाळगायला कायद्याने पात्र असावा लागतो. आणि तो तसा असला तरी आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. नावाजलेल्या नेमबाजांना काही सवलती आहेत, पण त्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात, मामाच्या मायेवर नाही. विनापरवाना पिस्तूल सापडले तर सरळ तुरुंग. दिवाळीची भेट आणि फौजदारी खटला ह्यांत एका स्वाक्षरीचे अंतर असते, हे मामांना पटवायला मला दोन फोन करावे लागले.

मग एकवीसच्या आतली मुले शिकतात कशी? कायद्यानेच त्यासाठी वाट ठेवली आहे. ठरावीक वयानंतर, नेमबाजीच्या शिक्षणासाठी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली लहानांनाही बावीसचे शस्त्र हाताळता येते. मान्यताप्राप्त क्लबाकडे स्वतःची शस्त्रे असतात. मुले तिथे जातात, तिथेच नेम धरतात आणि मोकळ्या हातांनी घरी येतात. देशातल्या ह्या सर्व क्लबांच्या वर जी राष्ट्रीय रायफल संघटना आहे, ती १९५१ साली निघाली आणि तिचे पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर. लोकसभेचा पहिला अध्यक्षही हाच मराठी माणूस. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा पुढे कितीतरी खेळाडूंची पहिली पायरी ठरली.

हवेच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्यात दारूही नाही आणि काडतूसही नाही; दाबलेल्या हवेने शिशाचा बारीक छर्रा सुटतो. नळी ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि जोर २० ज्यूलच्या आतला असेल तर परवाना लागत नाही, ओळखीचे कागद दाखवून ते घेता येते. कन्या शिकते ती हेच. दहा मीटरवरच्या निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे असते, सदऱ्याच्या गुंडीएवढे. एक हात लांब करून, कशाचाही आधार न घेता, ती गुंडी साठ वेळा टिपायची.

एवढी माहिती जमल्यावर मामा एका रविवारी स्वतःच बडनेऱ्याला उतरले. खिशात पाकीट होते, आणि ‘नाही’ ऐकण्याची तयारी नव्हती. आम्ही तिघे क्लबाच्या रेंजवर गेलो. तिथल्या प्रशिक्षकांनी क्लबाचे बावीसचे पिस्तूल टेबलावर ठेवले. नळीत लाल निशाणीची पट्टी घातलेली, म्हणजे आत काडतूस नाही हे दुरूनही दिसावे. काडतुसे वेगळ्या कपाटात, कपाटाची चावी प्रशिक्षकांच्या कमरेला. ही शिस्त पाहून सौभाग्यवतींसाठी चार ओळींचा अहवाल मी मनातल्या मनात तयार केला.

मामांनी विचारले, “साहेब, ह्यात चांगली कंपनी कोणती?”

प्रशिक्षक म्हणाले, “जर्मनीचं वाल्थर आहे, इटलीचं पार्दिनी आहे, स्वित्झर्लंडचं मोरिनी आहे. सगळी चांगली. पण आधी हात पाहावा लागतो.”

कासाराकडे बांगडी भरायला बसल्यावर तो जसा हात दाबून पाहतो, तसाच हा प्रकार निघाला. नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ लाकडी असते. उजव्या हाताची वेगळी, डाव्याची वेगळी. लहान, मध्यम, मोठी अशी मापे. तळहाताखाली सरकणारी एक फळी असते, ती हाताला घट्ट लागेल इतकी वर-खाली करायची. तेवढ्यानेही भागले नाही तर मूठ कानशीने घासायची, कुठे लांबी भरायची, आणि हात व पिस्तूल यांच्यामध्ये फट म्हणून ठेवायची नाही. कारण असे की, डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, तर पुढची माशी मागच्या खाचेच्या मधोमध आलेली दिसली पाहिजे. मूठ चुकीची असेल तर मनगटाला दर वेळी ती दुरुस्ती करावी लागते, आणि साठाव्या गोळीपर्यंत मनगट थकते.

नंतर घोड्याचे वजन. २५ मीटरच्या स्पर्धेत चाप ओढायला निदान एक किलोचा जोर लागला पाहिजे असा नियम आहे. पंच खरोखरच चापाला वजन टांगून पाहतात. हवेच्या पिस्तुलाला अर्धा किलो. बावीसच्या पिस्तुलाचे एकूण वजन १४०० ग्रॅमच्या आत असावे लागते. तोल पुढे हवा की मागे, हे ज्याच्या त्याच्या खांद्यावर. स्त्रियांच्या स्पर्धेत तीस गोळ्या संथपणे टिपायच्या आणि तीस वेगाने. वेगाच्या फेरीत निशाण तीन सेकंद समोर येते, सात सेकंद जाते. त्या तीन सेकंदांत खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी सोडायची. तिथे पिस्तुलाची किंमत कामाला येत नाही, हाताची सवय येते.

कानांचा प्रश्न निघाला तेव्हा मामांना हुरूप आला. “कापूस पाहिजे तेवढा पाठवतो!” ते म्हणाले. प्रशिक्षक हसून म्हणाले की वऱ्हाडचा कापूस जगात चांगला, पण इथे तो चालत नाही; बावीसच्या आवाजाला कानावर बसणारी जाड टोपणेच हवीत.

शेवटी प्रशिक्षकांनी कन्येलाच विचारले, “तुला काय वाटतं?” ती इतका वेळ गप्प होती. मामाकडे न पाहता म्हणाली, “सर, क्लबाच्या एअर पिस्तुलाची मूठ मध्यम मापाची आहे. माझा हात लहान आहे. मी करंगळी वळवून धरते.”

दोन वर्षे ती करंगळी वळवून धरत होती, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. तिने आपला तळवा दाखवला. करंगळीच्या मुळाशी घट्टा पडला होता. मामा तो घट्टा अंगठ्याने चाचपून पाहत राहिले.

मूठ स्क्रू काढला की निघते. लहान मापाची स्वतंत्र मूठ मागवायची, नेम धरायच्या वेळी तिने ती क्लबाच्या पिस्तुलाला लावायची आणि खेळ झाला की काढून पिशवीत टाकायची. स्वतःचे हवेचे पिस्तूलही घेता आले असते, परवान्याचा अडसर नव्हता. पण चांगल्या पिस्तुलाला लाखाच्या पुढे मोजावे लागतात, आणि प्रशिक्षकांचे मत असे की, हाताचे वळण ठरू द्या, मग घ्या.

“म्हणजे पिस्तुलाबगर नुसती मूठच देऊ?” मामा म्हणाले. “अकोल्याले लोक काय म्हणतीन?” पण मूठ मागवली त्यांनीच. तिच्याबरोबर पाचशे छर्ऱ्यांचे दहा डबे आणि कानांची टोपणे. पाकिटात उरलेली रक्कम पोस्टात तिच्या नावाने ठेवली. ती एकवीस वर्षांची होईल, तेव्हा परवान्याचा अर्ज करायचा की नाही हे तिचे तिने ठरवावे, असे मामा-भाचीत ठरले. सौभाग्यवतींचे त्यावर मत अजून राखून आहे.

ज्या घरी असा छंद असलेली मुले आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्तूल ही अचानक हातात ठेवून चकित करण्याची भेट नव्हे. आधी मान्यताप्राप्त क्लब आणि प्रशिक्षक पाहावा. मग मुलाचा हात आणि त्याचे वय. कंपनीचे नाव सर्वांत शेवटी. पुढे घरात शस्त्र आलेच तर ते रिकामे करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही चाव्या परवानाधारकाकडे. पगारातून काही बाजूला पडत असेल तर ते छर्रे, प्रवास आणि क्लबाची वर्गणी यांवर खर्च करावे. नेम सुधारतो तो त्यांनी.

अमरावतीला शरीर कमावण्याची परंपरा जुनी आहे. इथले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ साली त्याचा चमू बर्लिनच्या ऑलिंपिकला आपले देशी खेळ दाखवून आला. ती माणसे नेली होती काय, तर कमावलेली शरीरे. आमची कन्याही हल्ली रोज संध्याकाळी कोऱ्या भिंतीसमोर उभी राहते आणि पाण्याने भरलेली लिटरची बाटली एका हातात धरून हात लांब करते. अकोल्याहून फोन येतो तो एवढाच : “किती वेळ धरला आज हात?” परवा तिने सांगितले, दीड मिनिट.