लेखकाला पत्र लिहिताना

पुस्तक छापून दुकानांत गेलं की त्याची खबर लेखकापर्यंत फार थोडी येते. वर्षाकाठी मानधनाचा हिशेब येतो, त्यात किती प्रती खपल्या ते असतं. एखाददुसरं परीक्षण छापून येतं. ओळखीचे लोक भेटले की ‘छान झालंय’ म्हणतात. मराठीत पहिली आवृत्ती हजारभर प्रतींची, बऱ्याचदा त्याहूनही लहान. त्यातल्या काही प्रती ग्रंथालयांत जातात आणि तिथे एकेक प्रत कितीतरी हातांतून फिरते. पण कोण कुठे थांबलं, कोणाला कोणतं पान पुन्हा वाचावंसं वाटलं, कोणी पुस्तक अर्ध्यावर का ठेवलं, हे कुठल्याच हिशेबात येत नाही. ते वाचकानेच कळवावं लागतं. पत्र या माहितीसाठी आहे हे ध्यानात ठेवलं, की त्यात काय लिहावं हा प्रश्न बराचसा सुटतो.

श्रीनिवास रामानुजन यांनी 16 जानेवारी 1913 रोजी मद्रासहून केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना लिहिलेलं पत्र गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मला ते एका वाचकाचं पत्र म्हणूनही फार मोलाचं वाटतं. हार्डींची ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ ही पुस्तिका रामानुजनांच्या वाचनात आली होती. पत्रात आधी त्यांनी आपण कोण ते सांगितलं: मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून, पगार वर्षाला 20 पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही. मग ते थेट पुस्तिकेच्या 36व्या पानावर गेले. दिलेल्या संख्येपेक्षा लहान अशा मूळ संख्या किती, हे सांगणारं नेमकं सूत्र अजून मिळालेलं नाही, असं तिथे म्हटलं होतं. रामानुजनांनी कळवलं की आपल्याला खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ जाणारं सूत्र सापडलं आहे. हा दावा पुढे टिकला नाही. पण सोबतच्या कागदांवरची प्रमेयं हार्डींनी आपले सहकारी जे. ई. लिटलवुड यांच्यासोबत बसून तपासली, आणि 1914 मध्ये रामानुजन केंब्रिजला पोचले.

पत्राची सगळी रचना इथे दिसते. आपली ओळख दोन-तीन वाक्यांत, तीही लेखकाला आपलं वाचन कुठून आलं आहे ते कळावं एवढ्यापुरती. शिक्षिका आहात, द्राक्षबागायतदार आहात, गाव कोणतं, पुस्तक कसं हाती आलं. त्यानंतर लगेच पुस्तकातली एक जागा. एकच. सगळ्या पुस्तकाचं मूल्यमापन करायला बसलं की पत्राचं परीक्षण होतं, आणि वाचक म्हणून जे फक्त आपल्याजवळ आहे ते बाजूला राहतं. ‘तुमची शैली ओघवती आहे’ हे वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येतं. ‘आजी पेटी उघडते त्या प्रसंगाशी मी दोन दिवस थांबले, कारण आमच्या घरात तशीच एक पेटी होती आणि ती कोणी उघडली नाही’, हे लिहायला पुस्तक वाचावंच लागतं, आणि असं वाक्य लेखकाला दुसऱ्या कोणाकडून मिळण्यासारखं नसतं.

मतभेदही याच रीतीने कळवावा. गांधीजींनी 1 ऑक्टोबर 1909 रोजी लंडनहून टॉल्स्टॉय यांना पहिलं पत्र लिहिलं ते त्यांच्या ‘लेटर टु अ हिंदू’ या मजकुराची प्रत हाती आली म्हणून. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या आपल्या लढ्याची माहिती देऊन त्यांनी नेमकं विचारलं: हा मजकूर खरोखर आपलाच ना, आणि तो छापायला आपली परवानगी आहे का? पुनर्जन्माविषयीचा तिथला उल्लेख आपल्याला पटत नाही, तो गाळता येईल का, हेही आदराने विचारलं. टॉल्स्टॉय यांचं उत्तर काही दिवसांतच आलं. तो उल्लेख काढणं त्यांना पसंत नव्हतं, पण निर्णय त्यांनी गांधीजींवर सोपवला. हा पत्रव्यवहार पुढच्या वर्षी, टॉल्स्टॉय यांच्या मृत्यूच्या थोडं आधीपर्यंत चालला.

‘अमुक गोष्टीचा अर्थ काय’ असं मात्र शक्यतो विचारू नये. अर्थ शेवटी आपणच लावायचा असतो. तरी या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. 1917 मध्ये बर्लिनच्या एका वाचकाने काफ्काला लिहिलं, की मी तुमचं ‘मेटामॉर्फोसिस’ नात्यातल्या एका बहिणीला भेट दिलं, तिला ते कळलं नाही, तिने तिच्या आईला दिलं, आईलाही उलगडलं नाही, मग ते नात्यातल्याच दुसऱ्या बहिणीकडे गेलं. आता कुटुंबातला डॉक्टर म्हणून सगळ्या मला अर्थ विचारताहेत. प्रश्न अर्थाचाच आहे, पण एक प्रत नात्यातल्या नात्यात कशी फिरली याचा सगळा वृत्तान्त त्याच्यासोबत आला आहे, आणि त्यामुळेच ते पत्र आजही वाचावंसं वाटतं.

चरित्र, इतिहास, कोश अशा पुस्तकांत चूक सापडली तर ती वेगळ्या कागदावर लिहावी. आवृत्ती कितवी, पान, ओळ, छापलंय काय, हवं काय, आणि तुमचा आधार कोणता. लेखक तो कागद तसाच प्रकाशकाकडे पाठवू शकतो आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. आवृत्तीचा उल्लेख विसरू नये. कदाचित चूक आधीच सुधारलेली असेल.

आता पत्ता. पुस्तकाच्या सुरुवातीला जिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत दिलेली असते, त्या पानावर अनेक मराठी पुस्तकांत हक्काच्या खुणेशेजारी लेखकाचा पत्ताही असतो. जुन्या पुस्तकातला पत्ता बदललेला असण्याचा संभव मोठा, म्हणून तेव्हा प्रकाशकाकडूनच पत्र पाठवणं बरं. पाकिटावर लेखकाचं नाव, खाली ‘द्वारा’ लिहून प्रकाशनसंस्थेचा पत्ता आणि पिनकोड. कोपऱ्यात पुस्तकाचं नाव लिहिलं की तिथल्या माणसाला ते कुठे धाडायचं हे चटकन कळतं. उत्तराची आशा असेल तर स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवावं. परदेशी लेखकाला आपली तिकिटं उपयोगाची नाहीत. तिथे ईमेलचा पत्ता द्यावा. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकालाही लिहा. मराठीतली वाक्यं त्याची आहेत, आणि त्याला पत्र लिहिणं कोणाला क्वचितच सुचतं.

दिवाळी अंकांत कथेखाली लेखकाचा मोबाइल क्रमांक असतो आणि वाचून होताच फोन करावासा वाटतो. माझा कल तरीही पत्राकडे. फोनवर लेखकाला तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं, पत्र तो सवडीने वाचतो. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी लोकांत मिसळणं टाळत, पण त्यांची पत्रं इतकी भरघोस होती की ‘जी.एं.ची निवडक पत्रे’ या नावाने त्यांचे खंड निघाले.

पत्र एका कागदाच्या दोन्ही बाजूंत संपावं. स्वतःचं हस्तलिखित सोबत जोडू नये, प्रस्तावना किंवा शिफारस मागू नये. अशा मागणीमुळे आधी लिहिलेली दादही मागणीची प्रस्तावना वाटू लागते. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणा करू नये. लेखक आजारी असेल, लिहिण्यात असेल, किंवा पत्र वाचून नुसतं जवळ ठेवावंसं त्याला वाटलं असेल.

उत्तर आलंच, तर तो कागद तुमचा होतो, पण त्यातल्या मजकुराचा हक्क कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि त्याच्या पश्चात 60 वर्षं वारसांकडे. म्हणून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी किंवा मासिकाला देण्याआधी लेखकाला विचारा. ते विचारण्यासाठी दुसरं पत्र लिहायला काहीच हरकत नाही.